चोचीच्या खुणा

गावच्या हिवाळी प्रदर्शनात केकपुढे ठेवलेल्या कार्डावर दोनच ओळी होत्या, पण विल्फ रेस्ट्रिकनं त्या तीनदा वाचल्या. आधी चष्म्याशिवाय, मग चष्मा लावून, आणि मग चष्मा पुसून पुन्हा लावून. चष्म्याचा काही दोष नव्हता. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं : 'पृष्ठभागावर चोचीच्या खुणा. नियमाबरहुकूम नाही, सबब बाद.' आणि त्याखाली, जाता जाता चार शहाणपणाचे शब्द सांगावेत तसं : 'चव सपक. चिमूटभर मीठ हवं होतं.'

विल्फचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यातली पन्नास वर्षं त्यानं स्केलबेकच्या चौकात स्वतःच्या खाटकाच्या दुकानात उभं राहून काढली होती. मटण चिवट निघालं, सॉसेजात मिरी जास्त पडली, कलेजी कालची दिसते, असलं सगळं त्यानं हसून ऐकून घेतलं होतं. पण पाखरांसाठी केलेला चरबीचा केक कुणी परीक्षक बाई स्वतःच्या तोंडात घालेल आणि वर त्याला सपक म्हणेल, हे त्याच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं.

पण घातला होता खरा. नारळाच्या अर्ध्या करवंटीत थापलेल्या त्याच्या केकमधून सुरीनं बेताचा तिकोनी तुकडा काढलेला दिसत होता. शेजारच्या लिंबाच्या केकमधून काढला होता तसाच, त्याच मापाचा.

त्याच टेबलावर दोन हात पलीकडे पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड होतं. त्यामागे कागदी लेसवर हृदयाच्या आकाराचा एक केक बसला होता, गुळगुळीत, चकचकीत, वर लाल बोरांची नक्षी. विल्फ वाकला आणि त्यानं वास घेतला. बाकी कशात नसेल, पण चरबीच्या बाबतीत त्याचं नाक कधी चुकायचं नाही. भाजलेल्या मांसाच्या तव्यात उरते ती चरबी, तळलेलं बेकन आणि मीठ. त्यानं इकडेतिकडे पाहून बोट टेकवलं. मांडलेल्या वस्तूला हात लावायची सक्त मनाई होती, पण त्याचं बोट लोण्यात जावं तसं आत गेलं. विल्फच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचं कारण स्केलबेकमध्ये ज्याच्या परसात एकदा तरी दाणे टांगले गेलेत त्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. बैलाच्या गुर्द्याभोवती जी पांढरी, ठिसूळ चरबी असते ती मंद आचेवर वितळवली, गाळली आणि थंड केली की दगडासारखी घट्ट होते, आणि पाखरू तिच्यातून चोचीनं हवा तेवढा कण काढून घेतं. तव्यातली चरबी कडाक्याच्या थंडीतही मऊच राहते. ती पिसांना माखते, पिसं एकमेकांना चिकटतात, आत ओल शिरते, आणि ते पाखरू गारठून मरतं. मिठाचं तर बोलायलाच नको. टिटसारख्या चिमुकल्या पाखराचं सगळं वजन तीन चमचे साखरेएवढं, त्याला चिमूटभर मीठ म्हणजे काय होईल याचा हिशोब शाळेत न गेलेल्यालाही करता येईल.

पाखरांच्या खाण्याचा हा वर्ग सत्तेचाळीस मुळात प्रदर्शनात आला तो विल्फच्या बायकोमुळे, मेविसमुळे. एका हिवाळ्यात ओढा सहा आठवडे गोठून राहिला होता. तिला धुण्याच्या खोलीत, जुन्या घंगाळामागे, इवले रेन पक्षी सापडले, अकरा. उबेसाठी एकमेकांना बिलगून बसले होते आणि तसेच गेले होते. मेविसनं ते अकराही पक्षी एका टोपलीत घातले आणि टोपली थेट कमिटीच्या बैठकीत टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाली, लांबलचक कांद्याच्या पातीला बक्षीस देता, विणलेल्या मोज्याला देता, लिंबाच्या मुरंब्याला देता. यांच्या खाण्याला का नाही? टोपलीकडे बघत नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तिनं गावाला कृतीही शिकवली. एक भाग गुर्द्याची चरबी, दोन भाग कोरडा माल : जाडसर ओट, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, बिनमिठाच्या शेंगदाण्याचा भरडा. तिची एक अट मात्र होती. प्रदर्शनात न्यायचा केक आधी एक दिवस झाडाला टांगायचा. ज्याला पाखरानं चोच लावली नाही तो माणसांपुढे मिरवायचा नाही, असं तिचं म्हणणं. परीक्षक होता म्हातारा टॉट, गावच्या जमीनदाराच्या जंगलाचा जुना राखणदार. तो करवंटी उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, हुंगायचा, आणि मग खिडकीपाशी नेऊन चोचीच्या खुणा शोधायचा. खुणा नसल्या की ओठ बाहेर काढून पुढे जायचा.

मेविसला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या नावाचा चांदीचा मुलामा दिलेला चषक विल्फनं कमिटीला दिला आणि दरसाल पहिल्या आलेल्याच्या हाती तो स्वतः द्यायचा असं ठरलं. स्वतः तो केक मांडायचाच. टॉट त्याला नेमानं दुसरा नंबर द्यायचा, कारण नवऱ्यानंच बायकोचा चषक घरी नेणं टॉटला बरं दिसत नव्हतं. विल्फचीही तक्रार नव्हती. तेव्हा हे बक्षीस हुकल्याचं दुखणं होतं असं कुणी म्हणू नये. दुखणं एवढंच होतं की साडेतीन वाजता मेविसचं नाव कोरलेला तो चषक त्याला स्वतःच्या हातानं त्या चकचकीत विषाला द्यायचा होता.

तो तरातरा डोरोथी फॉदरगिलकडे गेला. डोरोथी प्रदर्शनाची चिटणीस. ती आईचं बोट धरून दुकानात यायची तेव्हापासून तो तिला ओळखत होता. हॉलच्या दाराशी कागदांच्या ढिगाऱ्याआड ती बसली होती आणि तिला दहाजण दहा गोष्टी विचारत होते.

"डोरोथी, हे पाखरांचं खाणं आहे ना?"

"आहे की."

"मग ते त्या बाईंनी का खाल्लं?"

डोरोथीनं मान वर न करता नियमपुस्तिका त्याच्यापुढे सरकवली. टॉट गेल्यावर वर्गाला परीक्षक उरला नव्हता. हस्तकलेच्या परीक्षकांनी चरबीला हात लावायला साफ नकार दिला. मग कमिटीनं विचार केला, की पदार्थ चुलीवर होतो, पातेल्यात होतो, म्हणजे तो पाककृती विभागातच जायला हवा. बैठकीत तो नववा विषय होता, चहा निवत चालला होता, सगळ्यांनी हात वर केले. सप्टेंबरपासून हे छापून घरोघर गेलं होतं. विल्फनं वाचलं नव्हतं, कारण इतकी वर्षं त्यात वाचण्यासारखं काही नसायचं.

"पाककृती विभागात चाखावं लागतंच, विल्फ. न चाखता नंबर दिला तर लोक माझ्या जिवावर उठतील."

"आणि चोचीच्या खुणा?"

"गेल्या साली स्पंज केकवर निववायच्या जाळीचे वळ होते म्हणून याच बाईंनी तिघींना बाद केलं. आता तुम्हाला सोडलं तर त्या तिघी माझ्या दारात येऊन बसतील."

"अगं पोरी, वळ जाळीचे होते. जाळी केक खात नाही. हे ज्याचं खाणं त्यानंच खाल्लं म्हणून बाद?"

डोरोथीनं यावर डोळे मिटले आणि उघडले. म्हणाली, की परीक्षकांचा निर्णय अखेरचा असतो. आणि मग, त्याला बरं वाटावं म्हणून की काय, हेही सांगितलं की यंदापासून पहिल्या आलेल्या प्रत्येक पदार्थाची कृती गावाच्या मासिक पत्रकात छापायची आहे. पत्रक दीडशे घरांत जातं. म्हणजे मार्च उजाडायच्या आत दीडशे परसांत तव्यातली चरबी आणि मीठ झाडाला लटकणार, आणि वर लिहिलेलं असणार : मेविस रेस्ट्रिक चषक विजेता.

परीक्षक बाईंचं नाव मिसेस पिकर्सगिल. त्या शेजारच्या शहरातून यायच्या. मागच्या खोलीत त्या हॅमचं सँडविच खात बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, हेच तर अवघड होतं. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि ओठ टिपून फार सौम्य आवाजात समजावलं, की त्या तीस वर्षं परीक्षक आहेत, रूप, पोत आणि चव या तीन गोष्टींना गुण देतात, आणि चौथ्या गोष्टीला रकानाच नाही.

"खाणारा कोण, हे बघायला नको?" विल्फनं विचारलं.

"ते बघायचंच नसतं. नाहीतर पक्षपात होतो."

एवढ्या मोठ्या मूर्खपणाला काय उत्तर द्यावं हे माणसाला चटकन सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा तो घरी पोचलेला असतो. त्यानं एवढंच विचारलं, की खाऊन त्यांना काही त्रास वगैरे झाला नाही ना. बाई हसल्या.

"छे, गिळतंय कोण ते? चाखून लगेच रुमालात काढलं मी. दोन्ही केक."

म्हणजे ज्या बाईंनी एकही केक पोटात घेतला नाही त्यांनी कुठला चांगला ते ठरवलं होतं, आणि ज्यांनी खरोखर पोटात घेतला त्यांच्या खुणांपायी तो बाद झाला होता. हे विल्फनं तिथं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पण बाईंनी तोवर सँडविचचा दुसरा अर्धा उचलला होता आणि जेवत्या बाईशी भांडायचं नाही हे दुकानदारीचं वळण त्याच्या अंगात भिनलं होतं.

चहाच्या टेबलामागे बेसी होती, मेविसची धाकटी बहीण. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि न विचारताच त्याच्या कपात साखरेचा आणखी एक चमचा टाकला.

"तोंड का असं करून बसलायस? दुसरा नंबर हुकला म्हणून?"

त्यानं सगळं सांगितलं. बेसी रांगेतल्या माणसांना चहा देत देत ऐकत होती. मीठ हवं होतं हे ऐकल्यावर मात्र तिच्या हातची किटली थांबली आणि पुढच्या माणसाचा कप अर्धाच राहिला. तरी ती म्हणाली, "हे बघ विल्फ. चषक दे, हात मिळव, घरी जा. उगाच तमाशा नको. मेविसनं तमाशा केला नसता."

"मेविसनं अख्खी कमिटी खुंटीला टांगली असती."

बेसीनं थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली, "टांगली असती." आणि त्या माणसाचा कप भरला.

साडेतीनपर्यंत विल्फनं मनाची तयारी केली. नावांची कार्डं बक्षीस समारंभापर्यंत पालथी ठेवायची पद्धत, त्यामुळे तो हृदयाचा केक कुणाचा हे त्याला ठाऊक नव्हतं. असेल कुणीतरी नवखं, असं त्यानं ठरवून टाकलं. शहरातून नुकतं आलेलं, ज्याला गुर्द्याची चरबी आणि तव्यातली चरबी यातला फरक कुणी सांगितला नाही असं. अशा माणसावर चिडून काय करणार? चषक देताना त्याला बाजूला घेऊन चार शब्द सांगावेत, कृती छापू नको म्हणून विनवावं, आणि पुढल्या साली नियम बदलून घ्यावा. अपमान गिळायचा म्हणजे तो एवढा तरी कामाचा असायला हवा.

मग डोरोथीनं व्यासपीठावरून वर्ग सत्तेचाळीस पुकारला, कार्ड उलटलं आणि नाव वाचलं. क्लाइव्ह हारग्रीव्ह.

क्लाइव्ह त्याचा शेजारी होता. एका भिंतीचा शेजारी. नऊ वर्षांपूर्वी लीड्सहून नोकरी संपवून आला, आणि तेव्हापासून ज्या वर्गात कागद भरता येईल त्या वर्गात भरत आला होता. कांदे, मुरंबे, बुटांच्या पेटीत मांडलेली बाग, सगळं. गेल्या साली त्यानं सात चषक नेले आणि ते ठेवायला सुताराकडून फळी करून घेतली. आणि ह्याच क्लाइव्हला मेविसनं, तिच्या शेवटच्या हिवाळ्यात, अंगावर दोन शाली घेऊन, भिंतीवरून वाकून वाकून चरबी कशी गाळायची ते शिकवलं होतं. विल्फनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. तिला थंडी बाधेल म्हणून तो तिला आत बोलवत होता आणि ती येत नव्हती.

क्लाइव्ह हसत हसत पायऱ्या चढून आला, हात पुढे करून. विल्फच्या एका हातात चषक होता. दुसरा हात त्यानं खिशातच ठेवला.

"क्लाइव्ह, एक विचारतो. तो केक घरी नेऊन झाडाला टांगणार का?"

"तो?" क्लाइव्हला आधी प्रश्नच कळला नाही. मग तो मोकळेपणानं हसला. "नाही हो. मारायचीत का पाखरं? तो परीक्षकांसाठी आहे. झाडाला आपला मेविसचाच, तीन करवंट्या, अगदी रीतीप्रमाणे. पाककृती विभाग म्हटल्यावर चाखणार हे उघडच होतं. म्हणून म्हटलं, बेकन घालू."

सगळा हॉल हसला. कुणीतरी मागून म्हणालं, बिलंदर आहे गडी. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मिसेस पिकर्सगिलही हसत होत्या, त्यांच्या जिभेचं कौतुक झाल्यासारख्या. डोरोथीनं पुढच्या वर्गाचं कार्ड हातात घेतलं.

विल्फ वाट पाहत राहिला. या सव्वाशे माणसांतल्या एकाच्या तरी कपाळाला आठी पडेल, एकजण तरी शेजाऱ्याकडे वळून म्हणेल की अरे, हा काय म्हणाला ऐकलंस का. पाखरांच्या खाण्याला बक्षीस, आणि ते पाखरांना घातलं तर ती मरतात, हे बनवणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तरी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. सगळ्यांनी नियमपुस्तिका वाचलेली होती. त्यांचा विल्फला इतका संताप आला की त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

"मग हा तुझा नाही," तो म्हणाला. "माझाही नाही. ज्यांचा आहे त्यांना नेऊन देतो."

आणि तो चषक काखेत मारून पायऱ्या उतरला, मधल्या वाटेनं चालत निघाला. डोरोथीनं दोनदा हाक मारली. टाळ्या थांबल्या होत्या पण नेमकं काय झालं ते मागच्या लोकांना कळलं नव्हतं, ते खुर्च्यांवरून माना उंच करून बघत होते. दाराशी बेसी त्याची टोपी घेऊन उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात त्याची करवंटी होती, तिकोनी तुकडा काढलेली.

"तमाशा नको म्हटलं होतं मी," ती म्हणाली आणि तिनं त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

घरी गेल्या गेल्या त्यानं पातेलं चढवलं. करवंटीतला केक वितळवला, त्यात आणखी चरबी आणि ओट घातले, आणि मिश्रण कोमट झाल्यावर चषकात काठोकाठ ओतलं. घट्ट झाल्यावर दोन्ही कानांना तार बांधली आणि फाटकाजवळच्या हॉथॉर्नच्या झाडाला तो टांगला, मेविसचं नाव रस्त्याकडे येईल असा. मग खुर्ची खिडकीशी ओढून बसला.

पाखरांना चषकाचं काहीच कौतुक नव्हतं. उलट ती त्याला घाबरली. दोन दिवस एकही पाखरू त्या फांदीकडे फिरकलं नाही. ऊन पडलं की तो चकाकायचा आणि टिट पलीकडे क्लाइव्हच्या करवंट्यांवर जाऊन बसायच्या, मेविसच्याच कृतीच्या. बेसी येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे तिलाही वाईट वाटलं असणार. विल्फला वाटू लागलं की आपण म्हातारपणी साऱ्या गावात शोभा करून घेतली, आणि तीही फुकट. पण राग कमी होत नव्हता. तो राग घेऊनच तो जेवायचा आणि राग घेऊनच खिडकीशी बसायचा.

तिसऱ्या सकाळी कडक हिम पडलं आणि चषकाची चकाकी गेली, सगळा पांढुरका झाला. नऊच्या सुमारास एक निळ्या टोपीची टिट काठावर येऊन बसली. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं, आणि मग चरबीत चोच खुपसली. दहा मिनिटांत पाच झाल्या. खाली रॉबिन आला, सांडलेले कण टिपायला. विल्फ खुर्चीवरून उठलाच नाही, चहा निवून गेला तरी.

आठवड्यानं कमिटीचं पत्र आलं. ते द्यायला क्लाइव्ह आला, कारण तो कमिटीत होता आणि शेजारी राहायचा. फाटकाबाहेर उभं राहूनच त्यानं लखोटा दिला. चषक कमिटीच्या मालकीचा असून चौदा दिवसांत स्वच्छ करून परत करावा, असं त्यात होतं.

क्लाइव्हची नजर चषकावर होती. त्यावर तेव्हा दोन टिट लटकल्या होत्या. "विल्फ, तुम्ही माझ्यावर एवढे का चिडलात?" त्यानं विचारलं. "चूक कमिटीची आहे. बाईंची आहे. मी घरच्या पाखरांना कधी वेडंवाकडं घातलंय का?"

"नाही घातलंस. मी बघतो ना रोज." विल्फ फाटकावर दोन्ही हात ठेवून उभा होता. "त्या बाईंना माहीत नव्हतं. कमिटीला माहीत करून घ्यायचं नव्हतं. तुला माहीत होतं, क्लाइव्ह. तुला तिनं थंडीत उभं राहून शिकवलं होतं. म्हणून तुझ्यावर."

एक दांडगा स्टार्लिंग पक्षी आला, टिट उडाल्या, त्यानं दोन लचके तोडले आणि तोही उडाला. मग क्लाइव्ह म्हणाला, की डोरोथी पत्रकासाठी कृती मागते आहे, उद्या द्यायची आहे.

"कुठली देणार?"

"बक्षीस त्या दुसऱ्याला आहे. मेविसची दिली तर डोरोथी आरडाओरडा करेल."

"करू दे."

क्लाइव्हनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे विल्फला कळलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही. तो आत गेला. ओट्यावरच्या डब्याखाली प्रदर्शनाचं एक कोरं कार्ड पडलं होतं, वस्तूपुढे ठेवतात तसलं. ते त्यानं घेतलं, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच भरलं. बाहेर येऊन क्लाइव्हच्या हातात दिलं.

"हे कमिटीला दे. चषक एप्रिलअखेर मिळेल, पाखरांचं झाल्यावर. आणि स्वच्छ करून देणार नाही."

क्लाइव्हनं तिथंच, रस्त्यात उभं राहून ते वाचलं. निळ्या शाईत लिहिलं होतं : 'वर्ग सत्तेचाळीस. पृष्ठभागावर चोचीच्या खुणा. नियमाबरहुकूम.'